सरांच्या खोलीतला घट

सरांच्या खोलीत घट बसलाय हे मला आईकडून कळलं. सांगताना तिनं भाकरी थापणं थांबवलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. त्यावरून मला वाटलं की ती हे मुद्दाम सांगते आहे.

"तुझ्या सरांनी घट बसवलाय म्हणं. सोताच्या खोलीत. पलंगाच्या बराबर समोर."

मी विचारलं, कोणी सांगितलं. ती म्हणाली, वडीगोद्रीहून जीपमध्ये आलेल्या बायका बोलत होत्या. मग तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती भाकरी वडिलांसाठी आणि माझ्यासाठी होती. तिचा स्वतःचा उपवास चालू होता.

हा उपवास आमच्यातला भांडणाचा विषय होता. आमच्या घरात घट बसला की एका माणसानं नऊ दिवस धरायचे असतात, आणि त्यानंच घटाला पाणी घालायचं असतं. आधी आजी धरायची, मग आई धरू लागली. दोन वर्षांपूर्वी आईला शुगर निघाली. अंबडच्या डॉक्टरांनी सांगितलं, उपाशी राहायचं नाही. म्हणून गेल्या वर्षी उपवास धरायची वेळ माझ्यावर आली आणि मी नाही म्हणाले. मला आळस नव्हता. मला ते खोटं वाटत होतं. आई म्हणाली, बरं, मग मीच धरते. तिनं धरलासुद्धा, आणि सातव्या माळेला चुलीपाशी चक्कर येऊन बसली. यंदाही तिनंच धरला होता. मी रोज सांगत होते की कोणीच धरू नये. ती रोज ऐकून घेत होती.

मी नाही म्हणाले ते सरांच्या जोरावर. सर बियाण्यांचे शास्त्रज्ञ होते. सगळी नोकरी संशोधन केंद्रात गेली आणि रिटायर झाल्यावर ते वडीगोद्रीला, हायवेच्या मागच्या गल्लीत, घर बांधून राहिले. मी बारावीला असताना वडील सोयाबीनचं बियाणं दाखवायला त्यांच्याकडे गेले होते, मी सोबत होते. सरांनी मला ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीनं मांडायला लावले, गुंडाळी करायला लावली आणि म्हणाले, उगवले की येऊन मोज. मी मोजले. एक दाणा अर्धवट फुटलेला होता, तो मी उगवलेल्यांत धरला, वडिलांना बरं वाटावं म्हणून. सरांनी तो बोटानं बाजूला सारला. म्हणाले, "दिसलं तेवढंच लिहायचं. जे मनात न्हाई ते करणं, अन् जे दिसलं न्हाई ते लिहिणं, दोन्ही एकच खोटं."

नंतर त्यांनीच वडिलांना सांगून मला बीएस्सीला घालायला लावलं. आमच्या घरात कॉलेजला गेलेलं माझ्याआधी कोणी नाही. त्यामुळे कॉलेजमध्ये मला काही कळेनासं झालं की मी ते वाक्य धरून बसायची. सरांच्या घरात देव्हारा नव्हता. ते कोणाच्या पूजेला जात नसत आणि कोणाला पूजा करू नको असंही म्हणत नसत. मला तेच आवडायचं.

आता त्यांना पोटाचा कॅन्सर झाला होता. जालन्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. आणि त्या खोलीत घट.

तिसऱ्या माळेला कॉलेजातून परत येताना मी वडीगोद्रीला उतरले. खरं सांगायचं तर सरांना भेटायला नाही, घट बघायला उतरले. माझा संशय काकूंवर होता. सरांच्या बायको, त्यांना मी काकू म्हणायची. इतकी वर्षं त्या नवरात्रात भावाच्या गावी जाऊन तिथं घट बसवायच्या, कारण इथं कधी बसला नाही. आता सरांना उठता येत नव्हतं, बोलणंही कमी झालं होतं. आता काकूंना कोण अडवणार, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं.

दारात सरांचे धाकटे भाऊ खुर्ची टाकून बसले होते. मला बघून म्हणाले, "ये शास्त्रज्ञीणबाई. बघ, आमचे दादा सुधरले. किती बी शिका, शेवटी माणूस आईपाशीच येतो." समोरच्या दोघांनी माना हलवल्या. ते हे वाक्य दिवसभरात बऱ्याच जणांना म्हणाले असावेत, इतकं ते घोटलेलं वाटलं. मी त्यांनाही संशयितांत धरलं.

सर झोपले होते. मी घटाजवळ उकिडवी बसले. परडीत माती, मधे तांब्याचा कलश, वर नारळ, बाजूला समई. अंकुर नुकते वर आले होते, खोलीत अंधार असल्यामुळे पिवळे. आणि मग मला दिसलं की धान्य मिसळून पेरलेलं नाही. आमच्या घरी मूठभर सगळं एकत्र करून भुरभुरतात. इथं कलशाभोवती वाटण्या पाडल्या होत्या. गहू एका बाजूला, ज्वारी वेगळी, हरभरा वेगळा, मूग वेगळा, आणि मधे बोटानं ओढलेल्या रेघा.

मला इतका आनंद झाला की मी उठताना समईला धक्का लावणार होते. ही तर उगवणचाचणी होती. सर पडल्या पडल्या उगवण बघत होते, आणि हे सगळे लोक त्याला भक्ती समजत होते.

तरी खात्री करावी म्हणून मी जाताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात थांबले. दुकानदार मारवाडी, पण त्यांच्या आजोबांपासून ते इथलेच. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, सरांकडे पूजेचं सामान कोण घेऊन गेलं. ते म्हणाले, "फोन सरांचाच आल्ता. आवाज बारीक होता, पण सरच होते. म्हणले, नारळ बघून पाठवा, हलवून. पाणी असलेला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "का गं, काही चौकशी आहे का?" मी नाही म्हणाले आणि जीप पकडली.

म्हणजे घट सरांनीच बसवला होता. आणि तो चाचणी होता. दोन्ही गोष्टी जुळत होत्या. नारळ हलवून बघणं मला जरा खटकलं, पण वस्तू पारखून घ्यायची त्यांची सवय होती, असं मी स्वतःला सांगितलं.

घरी येऊन मी आईला हे सगळं सांगितलं. ती निवडत असलेले शेंगदाणे बाजूला ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "वाटण्या पाडल्या ते ठीक. पण जाणाऱ्या माणसाच्या खोलीत घट कोण बसवतं?"

मला कळलं नाही. तिनं समजावून सांगितलं. घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत हलवायचा नसतो. मधेच घरात मयत झाली तर सुतक लागतं आणि तो उठवावा लागतो, अर्धवट. त्यापेक्षा वाईट काही नाही. म्हणून घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असलं तर जाणती बाई त्या वर्षी घट बसवतच नाही.

"देवाला मानणारी बाई असा घट बसवणार न्हाई," आई म्हणाली, "अन् न मानणारा कशाला बसवंल? कायतरी येगळंच आहे तिथं."

मी वडीगोद्रीत चौकशी करत फिरले आणि खरा प्रश्न तिनं बसल्या जागी काढला होता. शिवाय तिचं तोंड कोरडं दिसत होतं. मी म्हणाले, भगर तरी खा. ती म्हणाली, खाल्ली. मला तेही खरं वाटलं नाही.

सहाव्या माळेला मी पुन्हा गेले. संध्याकाळ झाली होती. काकू आरती करत होत्या, हळू आवाजात, एकट्याच. मी दारातच थांबले. तेव्हा सर जागे होते. त्यांना उशी लावून थोडं वर केलेलं होतं. आणि त्यांचे हात छातीवर जोडलेले होते. पांघरुणाच्या आत नाही, वर. आरती संपेपर्यंत ते तसेच होते.

काकू माझ्या हातावर प्रसाद ठेवून स्वयंपाकघरात गेल्या. मी त्यांच्या मागे गेले आणि विचारलं, घट बसवायचं कोणी ठरवलं. त्यांना प्रश्नाचं आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, "मी यंदा न्हाईच म्हणले होते, माय. घरात असं माणूस असताना बसवत न्हाईत. अन् यांना सोडून भावाकडं कशी जाणार? तेच म्हणले, हितंच बसव, माझ्यासमोर." मी विचारलं, कशासाठी बसवायचा ते काही बोलले का. त्या म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं न्हाई, मी बी विचारलं न्हाई." एवढ्या वर्षांच्या संसारात असं न विचारता कसं राहतात, मला कळेना. मला वाटलं, त्या काहीतरी लपवत आहेत.

मग मी सरांजवळ जाऊन बसले. माझ्या मनात जे वाक्य तयार होतं ते सगळं विसरले.

"सर, तुम्ही मानता का आता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग घटाकडे बोट केलं. "ओल बघ."

मी मातीत बोट घातलं. "जास्त आहे."

"हिला म्हणलं. ऐकत न्हाई. मूग कुजंल."

मला धीर आला. मी म्हणाले, म्हणजे तुम्ही उगवणच बघताय ना, वाटण्या पाडून पेरलंय, मी तिसऱ्या माळेलाच ओळखलं होतं. सर हसले. हसताना त्यांना त्रास झाला, म्हणून मी पाणी दिलं.

"त्या वाटण्या हिच्या माहेरच्या," ते म्हणाले. "हिची आई असंच पेरायची. मला काय विचारती?"

माझा सगळा पुरावा तिथंच संपला. मला लाज वाटली, आणि लाजेमुळे राग आला. मी म्हणाले, "मग तुम्ही हात का जोडले?"

"तू बघितलं?"

"हो. आत्ता."

समईची वात काकूंनी मोठी केली होती, तिच्याकडे ते बघत होते. मग म्हणाले, "मंग हात जोडले एवढं लिही. का जोडले ते तुला दिसलं न्हाई. ते लिहू नको."

"पण तुम्हाला तर माहीत आहे ना, सर."

त्यांनी डोळे मिटले. त्यांना झोप लागली, की त्यांनी मला टाळलं, हे मला आजही सांगता येत नाही. मी तिथं बसून त्यांच्या पापण्यांकडे बघत राहिले. जागा माणूस डोळे मिटतो तेव्हा पापण्या हलतात, असं मी कुठंतरी वाचलं होतं. हलत होत्या असं वाटलं. पण समईचा उजेडही हलत होता.

जीपमध्ये बसून घरी येताना मी त्यांच्यावर चिडले होते. मी माझ्या आईशी वर्षभर भांडले ते या माणसाच्या एका वाक्यावर. ते मानत असतील तर मला तेव्हा खोटं सांगितलं. मानत नसतील तर आता खोटं करत होते. तिसरं काही असेल तर ते मला सांगायला हवं होतं. मी काही परकी नव्हते, असं मला वाटत होतं.

आठव्या माळेला सकाळी वडिलांना फोन आला. मी चहा न घेताच निघाले.

सरांना बाहेर ओसरीत ठेवलं होतं. माणसं जमली होती. धाकटे भाऊ रडत होते, आणि ते खरं रडणं होतं, त्यात मला काही शोधावंसं वाटलं नाही. मी आत गेले. काकू सरांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसल्या होत्या. आत घट तसाच होता. समई तेवत होती.

शेजारच्या एका बाईंनी मला हळूच सांगितलं की पहाटे श्वास लागला तेव्हा भाऊ म्हणाले होते, जीव आहे तोवर घट उचलून शेजारी ठेवू, म्हणजे विटाळणार नाही. काकूंनी हलवू दिला नाही. घट हलवला असता तर ते जाणार हे मीच ठरवल्यासारखं झालं असतं, असं म्हणाल्या.

आता मात्र तो उचलावाच लागणार होता, आणि काकूंना हात लावता येत नव्हता. सुतक होतं. भावकीत कोणालाच लावता येत नव्हता. काकूंनी मला जवळ बोलावलं. आधी कानात विचारलं, अडचण नाही ना. मी नाही म्हणाले.

"मंग तू ने. तुला सुतक न्हाई. दसऱ्यापर्यंत सांभाळ अन् मंग गंगेत सोड." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. "त्यांनीच सांगितल्तं, तिच्याकडं दे म्हणून."

"कधी सांगितलं?"

"काल."

काल तर सरांचं बोलणं बंद झालं होतं. मला हे माहीत होतं, कारण काल सकाळीच धाकट्या भावांनी वडिलांना फोनवर सांगितलं होतं की दादा आता ओळखतही नाहीत. मी काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांनी नजर वळवली नाही. मला वाटलं, त्यांना फक्त कोणीतरी बिनसुतकाचं माणूस हवं आहे आणि मी समोर आहे. तसं असेल तरी नाही कसं म्हणणार होते मी. मी आत गेले आणि परडी उचलली. ओल्या मातीमुळे ती वाटलं त्यापेक्षा जड होती. सरांना ओसरीतून उचलण्याआधी मी मागच्या दारानं निघाले.

जीपमध्ये सगळ्यांनी पाय आवरून घेतले. ड्रायव्हरनं माझ्याशेजारी कोणाला बसू दिलं नाही. एका म्हातारीनं परडीला हात लावून नमस्कार केला आणि मग विचारलं, "दसरा व्हायच्या आधीच कसा उठवला गं?" मी म्हणाले, गावाकडं नेतेय. तिनं माझ्याकडे जसं बघितलं तसंच मी आठवडाभर सगळ्यांकडे बघत होते.

आईनं मला फाटकातच अडवलं. मयतीच्या घरून आल्यावर अंघोळीशिवाय आत येता येत नाही, हे मला माहीत होतं. पण तिची नजर परडीवर होती.

"हलवलेला घट. अन् ते बी सुतकातला. घरात आणायचा न्हाई."

"मग कुठं ठेवू?"

ती विचार करत राहिली. देवाचा घट म्हणून तिला तो रस्त्यावर ठेवता येईना, आणि सुतकाचा म्हणून घरात घेता येईना. शेवटी तिनं गोठ्याशेजारी लिंबाखाली झाडून घेतलं, गोवऱ्या सरकवून जागा केली आणि सडा टाकला. मी तिथं परडी ठेवली. उन्हाचे कवडसे अंकुरांवर पडले. सरांच्या खोलीत ते नुसतेच उंच आणि पिवळे झाले होते. मूग एका कोपऱ्यात खरंच कुजला होता.

मी अंघोळ करून आले तेव्हा आई लांबूनच परडीकडे बघत उभी होती. म्हणाली, "पाणी घालावं लागंल. उपाशी माणसानंच घालायचं असतं. मी माझा सोडून त्याला हात लावणार न्हाई."

"मी सकाळपासून काही खाल्लं नाही."

"तो काय उपवास न्हाई. मनाशी म्हणायचं असतं."

मी उभी राहिले. मनाशी म्हणण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. जे मनात नाही ते करणं, हे वाक्य मला पाठ होतं, आणि ते सांगणाऱ्याचे जोडलेले हातही मी बघितले होते. दोन्ही खरं होतं. मी आईला म्हणाले, "मी देवीसाठी धरत नाही. ते मला जमत नाही. पण दसऱ्यापर्यंत खाणार नाही, आणि दोन्ही घटांना मी पाणी घालते. घरात एकानं धरला की झालं ना? मग तू जेव."

"असं चालत असतं का?"

"माहीत नाही. मी तुला सांगून करतेय."

आईनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला संशय आला की गेल्या वर्षीपासून तिला हेच हवं होतं, आणि ती फक्त वाट बघत होती. आणि मग दुसरं आठवलं. आईच्या शुगरचं, तिला चक्कर आल्याचं मी सरांना सांगितलं होतं, गेल्या दिवाळीत, तक्रारीसारखं. ते तेव्हा काही बोलले नव्हते. तिच्याकडं दे, असं त्यांनी काकूंना सांगितलं असेल का, काल नाही, तर त्याच्या आधी कधीतरी, बोलता येत असताना? संशय घ्यायला तेवढं पुरेसं होतं. खात्री करायला आता कोणी उरलं नव्हतं.

"आधी घरच्याला घाल," आई म्हणाली. "मंग त्याला. अन् त्याला कमी घाल, ओल लई आहे."

मी घरातल्या घटाला पाणी घातलं. मग लिंबाखाली जाऊन सरांच्या घटाला, गहू, ज्वारी आणि हरभऱ्याला थोडं, मुगाला नाही. संध्याकाळपर्यंत अंकुरांची टोकं हिरवी होऊ लागली होती. हे मी बघितलं, म्हणून लिहिते आहे.

आईनं त्या संध्याकाळी स्वतःसाठी भाकरी केली. ताटात भाकरी, वरून तेल आणि लाल तिखट घेऊन ती चुलीपाशी बसली. मी उंबऱ्यावर होते. तिनं पहिला घास मोडला, थांबली, आणि पाट फिरवून माझ्याकडे पाठ केली. उपाशी माणसाला दाखवून खाऊ नये, म्हणून.